महिला संगतीचे अध्यक्षसाहेब

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की आमच्या चर्चच्या महिला संगतीच्या फोटोत मधल्या खुर्चीवर एक मिशीवाले गृहस्थ काय करताहेत. मी सांगायला सुरुवात केली तोच तिकडे तुमची शाळेची बस आली. अर्धी सांगितलेली गोष्ट मला दिवसभर टोचत राहते, म्हणून आज सकाळची कामं आटोपून सगळं पहिल्यापासून लिहिते आहे.

आधी थोडी माहिती, कारण तुमच्या तिकडे या गोष्टी वेगळ्या असतील. आपल्या मंडळीत पाळक निवडायचं काम मंडळी करत नाही. बिशपसाहेब पाठवतील तो पाळक. काही वर्षं एका गावी सेवा केली की जूनच्या आत बदलीचं पत्र येतं, सामान ट्रकवर चढतं आणि पार्सनेजमध्ये दुसरं कुटुंब येतं. पार्सनेज म्हणजे चर्चच्या आवारातलं पाळकांचं घर. तुमच्या आजोबांनी अशा आठ-दहा घरांत मला फिरवलं. प्रत्येक घराच्या गळक्या जागा मला अजून पाठ आहेत.

पाळकाबरोबर आणखी एक पद आपोआप येतं. पाळकाची बायको ही महिला संगतीची अध्यक्ष. मतदान नाही, विचारणं नाही. मला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ती खुर्ची मिळाली. तेव्हा मला धड मराठीत प्रार्थनाही करता येत नव्हती, कारण कॉन्व्हेंटमध्ये आम्ही देवाशी इंग्रजीतच बोलायचो. पहिल्या बैठकीत मी "हे प्रभू" म्हणून थांबले ते थांबलेच. शेवटी एका बाईंनी "आमेन" म्हणून मला सोडवलं.

तर आजोबा इथे गोंदियात निवृत्त झाले आणि आम्ही दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या घरात राहायला आलो. त्यांच्या जागी बिशपसाहेबांनी एक तरुण बाई पाठवल्या. बाई पाळक! आपल्या धर्मप्रांतात बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळायला लागून बरीच वर्षं झाली, पण आमच्या पास्टोरेटला, म्हणजे एका पाळकाकडे असलेल्या आमच्या मंडळीला, त्या पहिल्याच. सगळे त्यांना "मॅडम" म्हणायला लागले, कारण दुसरं काय म्हणावं हे कोणालाच कळेना. "पाळकबाई" म्हणावं तर ते नाव आजवर माझं होतं.

मॅडमचे यजमान रेल्वेत, मालगाडीवर गार्ड. आता त्या पदाला काहीतरी नवीन इंग्रजी नाव दिलंय, पण गोंदियासारख्या जंक्शनच्या गावात गार्डला गार्डच म्हणतात. त्यांची नोकरी इथली आणि मॅडमच्या नेमणुका लांब लांब खेड्यांत, त्यामुळे लग्न झाल्यापासून दोघं एका घरात राहिलेच नव्हते. उरलेल्या किल्ल्या सोपवायला मी पार्सनेजवर गेले तर स्वयंपाकघरात दोन गॅस, दोन कुकर, दोन पोळपाट मांडलेले.

"दोन संसार होते ना, आंटी," मॅडम हसून म्हणाल्या. "सगळं डबल आहे. कोणतं ठेवायचं आणि कोणतं द्यायचं ते कापणीच्या सणानंतर बघू."

"सणानंतर का?"

मग त्यांनी सांगितलं. बिशपसाहेबांनी नेमणूक देतानाच बजावलं होतं की ही तात्पुरती आहे. कापणीच्या सणाला ते स्वतः गोंदियाला येणार, मंडळीला विचारणार. मंडळीने हो म्हटलं तर मॅडम इथेच राहतील. नाही म्हटलं तर रिकामी जागा एकच होती, चंद्रपूरच्या पार पलीकडे, जंगलाच्या कडेला. तिथे मालगाडीच्या गार्डला काही काम नाही.

"एक वेळ कुकर दोन असलेले परवडतात, घरं दोन नाही," त्या म्हणाल्या, आणि झटकन फडकं घेऊन ओटा पुसायला लागल्या.

आता मोठीमाय. ही बाई आमच्या मंडळीतली सगळ्यात वयस्क आणि सगळ्यांची मोठीमाय. मूळची अर्जुनी मोरगावकडची. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर तिची धानाची शेती आहे. ती तिने ठेक्याने दिली आहे आणि स्वतः इथे मुलाकडे राहते. वेदीवरची पांढरी वस्त्रं धुणं, कांजी करणं, इस्त्री करणं हे काम तिच्याकडे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस देण्याच्या विधीच्या, फडक्यावर रसाचा डाग असला तर ते आधी स्वच्छ पाण्यात खळबळायचं, ते पाणी गटारात न टाकता झाडाच्या मुळाशी घालायचं आणि मग साबण लावायचा. हे मलासुद्धा तिनेच शिकवलं. तिचा शब्द म्हणजे मंडळीतल्या निम्म्या बायकांचा शब्द, आणि त्या बायकांचे नवरे धरले तर जवळजवळ सगळ्यांचाच.

मॅडमच्या पहिल्या प्रभुभोजनाला सगळे वेदीच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेकत होते. मोठीमाय बाकावरच बसून राहिली, हात पदरात घेऊन. दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात.

"पाळकसाहेब, तुमी मले घरीच प्रभुभोजन देऊन द्या."

आजोबा वांग्यांना पाणी घालत होते. निवृत्त पाळकाने जुन्या मंडळीच्या कामात नाक खुपसायचं नाही असा आपल्याकडे दंडक आहे, आणि त्यावर पहारा ठेवायला मी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी आता तुमचा पाळक नाही, मोठीमाय," ते म्हणाले. "तुमच्या पाळक पार्सनेजमध्ये राहतात."

"ते बाई आहे."

"हो, ते माझ्याही लक्षात आलंय."

"बाईच्या हातून मी घेणार नाई. सांगून ठेवते. बिशप आला का त्यालेही सांगीन."

ती तणतणत गेली. आजोबांनी वांग्यांना इतकं पाणी घातलं की आळ्यातून ओसंडून माझ्या चपलांपर्यंत आलं.

महिला संगतीची बैठक दर बुधवारी दुपारी पार्सनेजच्या व्हरांड्यात भरते. मॅडम आल्यावरच्या पहिल्या बुधवारी आम्ही गेलो तर त्या घरी नव्हत्या. तिरोड्याकडे, बोदलकशाच्या बाजूला आपल्या मंडळीचं एक घर आहे. तिथल्या म्हाताऱ्याचं मोठं दुखणं निघालं म्हणून त्या स्कूटरवर तिकडे गेल्या होत्या. दार उघडलं ते गार्डसाहेबांनी. रात्रभर ड्यूटी करून आलेले, डोळे लाल, हातात चहाची गाळणी.

"आइए आइए, बसा ना. मॅडम सांगून गेल्यात. चहा होऊनच राहिलाय."

मोठीमायने चपला काढल्या, व्हरांडाभर नजर फिरवली आणि मोठ्याने विचारलं, "अध्यक्ष कुठं आहे?"

"अध्यक्ष कोण, मोठीमाय?"

"पाळकाच्या घरातलं माणूस आमचं अध्यक्ष राहते. आतापर्यंत ह्या होत्या." तिने माझ्याकडे बोट केलं. "आता पाळक तर बाहेर गेली हिंडाले. मंग तिच्या घरातलं माणूस कोण?"

हा टोमणा होता. सगळ्यांना कळला. दोघीतिघी पदर तोंडाला लावून हसल्या. मला त्या माणसाची इतकी दया आली की मी उठून म्हणणार होते, आजच्यापुरती मीच चालवते. पण त्यांनी गाळणी खिडकीत ठेवली, हात पुसले आणि अगदी सरळपणे म्हणाले, "घरातला माणूस तर मीच. काय करायचं असतं?"

दोघीतिघींचे पदर तोंडावरून खाली आले.

"खुर्चीवर बसायचं असतं," मी म्हटलं.

"बस, एवढंच?" आणि ते बसले.

मुलांनो, मी आयुष्यभर बैठका चालवल्या. माझ्या बैठका शिस्तीत होत असा माझा समज होता. पण त्या दुपारी मी जे पाहिलं त्याला तोड नव्हती. त्यांनी घड्याळ पाहिलं, "राइट टाइम" म्हणाले आणि छोटीशी प्रार्थना केली, हिंदीत. नाताळच्या फराळाचा विषय निघाल्यावर नेहमीप्रमाणे सगळ्या एकदम बोलायला लागल्या. करंज्या कोणी करायच्या आणि मागच्या वर्षी कोणाच्या करंज्या फुटल्या, हा आमचा कायमचा विषय. त्यांनी हात वर केला.

"ताई, एका लाइनवर एका टायमाला एकच गाडी. तुम्ही बोला. ताई, तुम्ही सिग्नलला थांबा. लाल आहे."

हसता हसता बैठक संपली, आणि उजेड असतानाच संपली. असं माझ्या कारकिर्दीत कधी झालं नव्हतं. चहाही चांगला होता. मोठीमायने दोन कप घेतले, पण तोंड आंबटच ठेवलं.

उठताना तिची नजर व्हरांड्याच्या टोकाच्या दोरीवर गेली. तिथे गार्डसाहेबांचा पांढराशुभ्र युनिफॉर्म वाळत होता. ती जवळ गेली. कॉलर चिमटीत धरून पाहिली.

"कांजी कशाची?"

"दुकानातली, मोठीमाय. पावडर येते ना."

"पावडर!" तिने कॉलर अशी सोडली की जणू चटका बसला. "धानाच्या मुलखात राहून पावडर? भाताची पेज कायले फेकता मंग?"

"पेजेची कांजी केली होती मी. पिवळी पडते."

"पिवळी पडते कारण तुमाले गाळता येत नाई. पातळ फडक्यातून गाळा लागते, अन् निळीचा एकच थेंब."

"एक थेंब कम होतो, मोठीमाय. पांढऱ्या पँटला दोन लागतात."

"एक!"

"दो!"

त्या दिवशी आम्ही बाकीच्या घरी गेलो तरी ही दोघं दोरीपाशी उभीच होती. पुढच्या बुधवारी मोठीमाय पिशवीतून आपल्या शेतातला तांदूळ घेऊन आली आणि थेट पार्सनेजच्या स्वयंपाकघरात शिरली. गॅस दोन होतेच. एकावर तिची पेज, दुसऱ्यावर गार्डसाहेबांचा चहा. त्यानंतर बैठकीआधी कांजी हा क्रमच होऊन गेला. हळूहळू तिने वेदीवरची लहान फडकी त्यांच्याकडे इस्त्रीला द्यायला सुरुवात केली. मोठा कपडा मात्र नाही. "तो अजून तुमच्या हाताले जमणार नाई," ती म्हणायची, आणि ते "जी, मोठीमाय" म्हणायचे.

तुम्ही पाहिलेला फोटो त्याच पावसाळ्यानंतरचा. सगळ्या धर्मप्रांतातल्या महिला संगतींचा मेळावा होता. इतर पास्टोरेटच्या अध्यक्ष जरीच्या साड्या नेसून आल्या होत्या. आमचे अध्यक्ष कांजीच्या पांढऱ्या शर्टात. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी आमच्या पास्टोरेटचं नाव पुकारून "अध्यक्षा" म्हटलं, आणि गार्डसाहेब उठून उभे राहिले तशी सगळ्या सभागृहात खसखस पिकली. मोठीमाय आमच्या रांगेतून कडाडली, "हसून कायले राहिल्या? आमच्या अध्यक्षाले चहाही करता येते. तुमच्यातल्या कितींच्या अध्यक्षाले येते?" फोटोत ती त्यांच्या खांद्यामागे उभी आहे. नीट पाहिलंत तर तिचा हात खुर्चीच्या पाठीवर दिसेल.

पण तुम्हाला वाटेल की मग प्रश्न मिटला. मुळीच नाही. रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी मोठीमाय बाकावरच बसून राहायची. मी एकदा विचारलं, "अध्यक्ष चालतो, तर पाळक का नाही?"

"अध्यक्ष सोन्यासारखा आहे," ती म्हणाली. "पण करंज्याची बैठक अन् वेदी, दोन्ही एकच होय का? वेदीवर मी जन्मापासून माणूसच पाह्यला. आता या वयात मन कसं फिरवू?"

मॅडमनी तिला हे कधी विचारलं नाही. त्या मोठीमायच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या, तिच्या बाकाशी थांबून हात हातात घ्यायच्या आणि पुढे जायच्या. पण कापणीचा सण जवळ आला तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. पार्सनेजमधला दुसरा कुकर एक दिवस मला खोक्यात भरलेला दिसला.

सणाचा रविवार आला. चर्चमध्ये नव्या धानाच्या पेंढ्या, भोपळे, कोचईचे, म्हणजे अळूचे, कंद, कोणाची कोंबडी पाय बांधून ठेवलेली. बिशपसाहेब उंच टोपी घालून आले तेव्हा कोंबडीने जो आरडाओरडा केला, तो पहिलं गीत संपेपर्यंत चालू होता. गार्डसाहेब मात्र नव्हते. पहाटेच बोलावणं आलं आणि ते गाडी घेऊन गेले. मालगाडीला रविवार नसतो.

प्रभुभोजनाची वेळ झाली. मोठीमाय त्या दिवशी उठली, कारण देणारे बिशपसाहेब होते. मी तिच्या शेजारीच कठड्याशी गुडघे टेकले. बिशपसाहेब रांगेतून भाकर देत पुढे गेले आणि त्यांच्या मागून प्याला घेऊन आल्या मॅडम. हे मोठीमायच्या ध्यानातच आलं नव्हतं. भाकर एकाच्या हातून आणि प्याला दुसऱ्याच्या, ही पद्धत काही नवी नव्हती. पण पूर्वी ते दोन्ही हात पुरुषांचे असायचे.

मॅडम तिच्यापुढे थांबल्या. प्याला पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. मोठीमायने वर पाहिलं नाही. तिची नजर मॅडमच्या हातातल्या पांढऱ्या फडक्यावर होती. प्याल्याची कड पुसायचं ते फडकं. त्याच्या एका कोपऱ्याला चुणी राहिली होती.

"इस्त्री कोणी केली?" तिने विचारलं. तिला वाटलं ती हळू बोलली. अर्ध्या चर्चने ऐकलं.

"ह्यांनी," मॅडम पुटपुटल्या. "पहाटे ड्यूटीवर जायच्या आधी."

"घाईत केली."

"हो."

मोठीमायने दोन्ही हातांनी प्याल्याचं बूड धरलं आणि प्याला तोंडाला लावला. मॅडमनी कड पुसली, प्याला किंचित फिरवला आणि तो माझ्यापुढे आला. मला सांगायला हरकत नाही, मी तेव्हा डोळे मिटायचे विसरले.

नंतर मी तिला विचारलं तर म्हणाली, "मंग का करू? हातात भाकर घेऊन उठून जाऊ का? अन् तो बिचारा पहाटे उठून इस्त्री करून गेला."

उपासनेनंतर मंडळीची बैठक झाली. बिशपसाहेब टोपी काढून बसले की अगदी शेजारच्या काकांसारखे दिसतात. त्यांनी मॅडमना बाहेर थांबायला सांगितलं आणि आम्हाला विचारलं, "पाळकांबद्दल कोणाची काही तक्रार? मोकळेपणाने सांगा."

आजोबा शेवटच्या बाकावर ओठ घट्ट मिटून बसले होते. आणि मोठीमाय उठली.

"तक्रार आहे."

दाराच्या फटीतून मला मॅडमच्या पांढऱ्या झग्याची कड दिसत होती. ती हलली.

"बोला, आई," बिशपसाहेब म्हणाले.

"आमच्या अध्यक्षाले रेल्वे रविवारीही बोलावते, बुधवारीही बोलावते. मागच्या महिन्यात दोन बैठका झाल्याच नाईत. आज सणाच्या दिवशी माणूस घरी नाई. तुमी एवढे मोठे बिशप, रेल्वेले एक चिठ्ठी लिहा."

बिशपसाहेबांनी चष्मा काढला. "आई, रेल्वे माझ्या धर्मप्रांतात येत नाही."

"तर मंग प्रार्थना करा. ते तर तुमच्याकडंच येते."

"आणि पाळकांबद्दल?"

"पाळकाबद्दल कोण बोलून राहिलं?" मोठीमाय चिडलीच. "पाळक गेली तं अध्यक्ष जाईन ना! ते इथंच राहीन. हेही काऊन विचारता?" आणि ती बसली.

हशा ओसरल्यावर बिशपसाहेबांनी आणखी दोनतीनदा विचारलं, प्रथेप्रमाणे. कोणी उठलं नाही. मग हात वर करायला सांगितले. आजोबांनीही हात वर केला. निवृत्त पाळकाला तो अधिकार आहे की नाही यावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे.

मॅडमना आत बोलावून बिशपसाहेबांनी सांगितलं. त्या नुसती मान हलवत राहिल्या. बायका त्यांच्याभोवती जमल्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एक्स्प्रेसला वाट द्यायला मालगाडी कुठल्याशा छोट्या स्टेशनात बाजूला लावली होती, आणि गार्डसाहेबांना राहवलं नव्हतं. मॅडमनी फोन कानाला लावला आणि त्यातही नुसती मान हलवायला लागल्या. मोठीमायने सरळ तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हॅलो, अध्यक्षसाहेब का? मी बोलून राहिली... हो, झालं. राहिली तुमची बाई इथंच... अरे हो, पक्कं! बिशपानं सांगतलं... हॅलो?"

तिने फोन कानापासून लांब धरला, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला.

"आता रडून कायले राहिले? तिकडं सिग्नल पाहा आधी!"